बिनसहीचं पत्र

विदर्न हॉल, लिंकनशायर
४ ऑक्टोबर १८१६

प्रिय ड्रू,

पोचले. घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली, पण पोचले. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर तू या थोरल्या बहिणीकडे ज्या नजरेने पाहत होतीस ती अजून डोळ्यांपुढे आहे, म्हणून आधी तेच बोलते. मला कोणी फसवलेलं नाही. दुसऱ्यांची पोरं शिकवून शिकवून मी विटले होते. मिस्टर थॉर्नकोटना घरात एक इभ्रतदार बाई हवी होती आणि मला माझं म्हणता येईल असं छप्पर. आम्ही एकमेकांची गरज भागवली. प्रेमाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. तेवढं तरी खोटं बोलायचं वाचलं.

बाई हवी होती ती क्लेमन्सीसाठी. त्यांच्या वारलेल्या भावाची ही नऊ वर्षांची मुलगी. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. हे घर, ही जमीन, सगळं या पोरीच्या नावावर आहे, काकांच्या नाही. तिचे मामा, कॅप्टन हॉब्डे, तिला पोर्ट्समथला न्यायला हटून बसले होते. पण ते पडले आरमारातले, सडेफटिंग, बारा महिने समुद्रावर. कोर्टाने सांगितलं, काकांच्या घरात लग्नाची बायको असेल तर मुलगी काकांकडे राहील. म्हणून मी.

पोरगी गोड आहे. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “तुम्ही मारता का? आधीच्या बाई छान मारायच्या. आवाज व्हायचा, पण लागायचं नाही.” मी म्हटलं, मला तसं छान मारता येत नाही, तेव्हा आपण मारायचंच नको. तेव्हापासून माझं बोट सोडत नाही.

आता खरी मौज ऐक. मिस्टर थॉर्नकोट पार्लमेंटचे सभासद. पत्रावरचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून सही केली की ते फुकट पोचतं. तू उत्तर त्यांच्या नावाने पाठव, तेही फुकट. आत्याला सांग, आता दारात पोस्टमनशी भांडायला नको.

तुझी,
हेस्टर


लिटल कोम, डॉर्सेट
१५ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

पैसे कुठे मागताहेत का ते बघायला आत्याने तुझं पत्र तीनदा उलटंपालटं केलं. फुकट आहे अशी खात्री पटल्यावर म्हणाली, “जावई बरा दिसतोय.” लग्नात त्याला पाहून नाक मुरडणारी बाई हीच, हे मी तिला सांगितलं. त्यावर म्हणाली, “तेव्हा मला त्याच्या सहीची किंमत ठाऊक नव्हती.”

तुझं पत्र हातात घेऊन मला आपली जुनी चोरी आठवली. तू यॉर्कला शिकवायला होतीस तेव्हाची. तू कोरा कागद दुमडून त्यावर माझा पत्ता लिहायचीस आणि पेटीत टाकायचीस. पत्राचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे, तेव्हा मी दारात नुसतं तुझं अक्षर बघायचं, “नको बाबा, परवडत नाही” म्हणायचं आणि परत करायचं. अक्षर दिसलं म्हणजे हेस्टर खुशाल. सरकारला आपण किती बुडवलं असेल देव जाणे. आणि आता तू पानंच्या पानं लिहू शकतेस, तर लिही. त्या घरात रडू आलं तर तेही लिही. माझ्यापुढे शहाणपणाचा आव आणू नकोस.

इकडची बातमी म्हणजे आत्याने नाताळसाठी बदक आणलंय. छाती पुढे काढून चालतं म्हणून त्याचं नाव तिने बिशप ठेवलं. आता तिला त्याचा लळा लागलाय, चुलीजवळ बसवून त्याच्याशी बोलते. नाताळला आपण बटाटे खाणार असं दिसतं.

क्लेमन्सीला माझा पापा दे.

तुझी,
ड्रू


विदर्न हॉल
६ नोव्हेंबर

प्रिय ड्रू,

यंदा उन्हाळा आलाच नाही आणि हिवाळा आताच येऊन बसलाय. चहूकडे पाणथळ जमीन, तिच्यावर धुकं. घर मोठं आहे, माणसं कमी. मी मजेत आहे.

क्लेमन्सीची तब्येत मात्र नरम आहे. दिवसभर झोपते. मिस्टर थॉर्नकोट तिची फार काळजी घेतात. तिचं औषध ते दुसऱ्या कोणाला देऊ देत नाहीत, दुधात स्वतःच्या हाताने घालतात. मला म्हणाले, “तुम्ही दमता. तुम्ही नुसतं घरात असलात तरी पुष्कळ आहे.”

गेल्या आठवड्यात गावातली शिंपीण, मिसेस गॅड, माझं माप घ्यायला आली. काळ्या झग्यासाठी. मी म्हटलं, “कोण वारलं?” तोंडात टाचण्या धरून म्हणाली, “अजून कोणी नाही, बाईसाहेब.” मी यांना विचारलं. म्हणाले, “विदर्नचं घर कधी बेसावध सापडलेलं नाही.” किती दूरवरचा विचार करतात ते बघ. कापड भारी आहे.

काल न्याहारीला त्यांनी विचारलं, “बिशपचं वजन वाढलं का?” मी त्यांना बिशपबद्दल सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगितलं असेन. त्यांचं लक्ष सगळीकडे असतं.

तुझी पत्रं मी जपून ठेवते, ड्रू. तूही माझी जपून वाच.

हेस्टर


सटर्बी गाव, सराईतून
१९ नोव्हेंबर

ड्रू,

हे पत्र त्यांच्या सहीशिवाय येतंय. एवढंच पत्र खरं मान. ते शिकारीला गेलेत आणि मी शेतांतून चालत इथवर आले आहे. सराईवाल्या बाईने शाई दिली. हात गारठलेत, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

तुझी पत्रं ते फोडतात, माझीही वाचतात. मी आजवर तुला लिहिलेली ओळ न् ओळ त्यांच्या डोळ्यांखालून गेली आहे. म्हणून मी मजेत होते.

ते औषध म्हणजे गुंगीचे थेंब आहेत. बाटली त्यांच्या कोटाच्या खिशात असते. एकदा ते बाहेर गेलेले पाहून मी क्लेमन्सीचं दूध खिडकीतून ओतून दिलं. त्या दिवशी पोरगी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बडबडत होती, तिला भूक लागली, तिने दोन अंडी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खोलीला कुलूप आहे. मी दाराला तोंड लावून हाक मारते. परवा तिने ओ दिली नाही.

ती एकवीस वर्षांची व्हायच्या आत गेली तर सगळं त्यांचं होतं. हे मला स्वयंपाकिणीकडून कळलं. लग्नाआधी कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला छप्पर मिळत होतं ना. ड्रू, तो काळा झगा तिच्यासाठी मी घालायचा आहे. शिवून तयार आहे, कपाटात टांगलाय. मी या घरात आले म्हणून ती मुलगी या घरात राहिली. मी नसते तर ती आज मामाकडे असती. माझ्या जिवाला दुसरं काही सुचत नाही.

कॅप्टन हॉब्डेंना गाठ. त्यांचं जहाज कुठे आहे मला माहीत नाही, आत्याला विचार, तिचे यजमान आरमारात होते, ती शोधून काढेल. म्हणावं, कोर्टाची वाट बघू नका, आधी येऊन मुलीला उचला.

पोस्टमन शिलिंग मागेल. दे. आत्या ओरडली तरी दे.

हेस्टर


लिटल कोम
२५ नोव्हेंबर

प्रिय हेस्टर,

काल मी दारात उभी राहून इतकी हसले की बिशप घाबरून चुलीमागे पळाला.

पोस्टमन आला. म्हणतो, “मिस, यावर सही नाही. शिलिंग पडेल.” मी अक्षर पाहिलं आणि लगेच ओळखलं. माझा वाढदिवस तू विसरली नाहीस, आणि पार्लमेंटवाल्याची बायको झालीस तरी आपली जुनी चोरीही विसरली नाहीस. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग मीही अगदी तेव्हाच्या सुरात म्हटलं, “नको बाबा, परवडत नाही,” आणि त्याच्या हातात परत दिलं. आत्या मागे उभी होती, म्हणाली, “शाबास.” कागद जरा जाड वाटला आणि आतून शाई दिसल्यासारखी झाली, पण मी म्हटलं, थट्टाच आहे तर पुरी करू. अक्षर दिसलं, हेस्टर खुशाल, काम झालं. वाढदिवसाची अशी भेट मला कोणी दिली नव्हती.

काळ्या झग्याचं वाचून आत्या हळहळली. तिच्या काळ्याला कोपरंच उरलेली नाहीत. म्हणते, नवरा असा हवा, माणूस मरायच्या आधी कापड आणणारा. आणि मिस्टर थॉर्नकोटनी बिशपची चौकशी केली हे मला फार म्हणजे फार आवडलं. जो माणूस बायकोच्या माहेरच्या बदकाची आठवण ठेवतो त्याच्याबद्दल मी उगाच मनात किंतु धरला होता. त्यांना माझे आभार सांग.

क्लेमन्सी बरी झाली का? तिला म्हणावं, उन्हाळ्यात ड्रूमावशी येणार आहे.

तुझी,
ड्रू


विदर्न हॉल
१६ डिसेंबर

मिस मेलंबी यांस,

आपण हेस्टरला पाठवलेलं २५ तारखेचं पत्र मला मिळालं. दुर्दैवाने ते मलाच वाचावं लागलं. आपण माझे आभार मानलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपण ‘नको’ म्हटलेलं पत्रही काल सटर्बीच्या सराईवाल्या बाईने माझ्या हाती दिलं. परत आलेलं पत्र लंडनच्या टपाल कचेरीत उघडलं जातं आणि ते लिहिलं गेलं त्या ठिकाणी पाठवलं जातं, हा शिरस्ता आपल्याला बहुधा ठाऊक नसावा. पूर्वी आपल्याला कोरे कागद येत होते, त्यामुळे आपल्यावर ही वेळ आली नसेल.

आपल्या बहिणीची प्रकृती काही आठवड्यांपासून मला बेचैन करत होती. ती शेतांतून एकटी भटकत असे. बंद दारांशी बोलत असे. हे पत्र मी दोन डॉक्टरांना दाखवलं आणि दोघांचं एकमत झालं. तिला तिच्यासारख्या बायकांची नीट देखभाल होते अशा एका शांत घरी ठेवलं आहे. ठिकाण सांगणं डॉक्टरांना पसंत नाही. पत्रांनी तिचं मन फार चाळवतं, तेव्हा तिला लिहू नये.

पत्र आपल्या नावाचं आहे आणि दुसऱ्याची वस्तू मी ठेवून घेत नाही. सोबत पाठवत आहे. वाचा, म्हणजे माझ्यावर काय गुदरलं असेल ते कळेल. या खेपेस मी त्यावर सही केली आहे, आपल्याला काही पडणार नाही.

आता एक विनंती. क्लेमन्सी अशक्त आहे आणि घरात बाई नाही. वसंतात कोर्टाचा माणूस पाहणीला येईल. आपण तिची मावशीच. आपल्या पत्रांवरून आपला स्वभाव किती मोकळा आणि विश्वासू आहे हे मी जाणतो. आपण येऊन राहिलात तर हेस्टरचीच खोली आपल्याला देता येईल. कपाटातले कपडेही आपल्या उपयोगी पडतील.

बिशपला नाताळच्या शुभेच्छा.

ऑगस्टस थॉर्नकोट


लिटल कोम
२ जानेवारी १८१७

आत्या,

हे पत्र तुझ्या कुलूपबंद चहाच्या डब्यात ठेवलंय. पोस्टाने पाठवलं असतं तर तू घेतलं नसतंस. किल्ली मी तुझ्या गळ्यातून तू पेंगत असताना काढली आणि परत घातली, त्याबद्दल मागाहून रागाव.

मी विदर्नला निघाले आहे. मिस्टर थॉर्नकोटना मी कळवलंय की आपला शब्द मला आज्ञेसारखा. त्यांच्या लेखी मी बावळट आहे, आणि माझ्याच पत्रांनी त्यांची तशी समजूत करून दिली. आता तीच माझ्या कामाला येईल.

तू म्हणशील, हेस्टरचं पत्र घेऊन सरळ कोर्टात जाऊ. कोर्ट विचारेल, ही बाई कोण? वेडी. सांगतं कोण? नवरा, पार्लमेंटचा सभासद, शिवाय दोन डॉक्टर. आपल्याजवळ काय आहे? एक बदक. कॅप्टन हॉब्डे परतले की त्यांच्या हातात पत्राखेरीज आणखी काही ठेवायला हवं. त्या बाटलीचा पुरावा, हेस्टरचा ठावठिकाणा, आणि मुख्य म्हणजे ती पोरगी जिवंत. तोवर तिचं दूध ओतायला घरात कोणीतरी हवं. मी ते पत्र परत केलं, आत्या. मला हसू येत होतं. गारठलेल्या हाताने तिने काय लिहिलंय ते तू बघ, पत्र या पत्राच्या खालीच आहे. मला आता घरात बसवत नाही.

आता नीट ऐक. मी तिथून पत्रं पाठवीन. त्यांच्या सहीने येतील, फुकट येतील, आणि प्रत्येकात मी मजेत असेन. त्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवू नकोस. उत्तरं मात्र खुशीत लिही, बिशपबद्दल लिही, तो वाचणार आहे.

आणि एखाद्या दिवशी पोस्टमन बिनसहीचं पत्र आणेल. वर माझं अक्षर असेल. तो पैसे मागेल.

घे, आत्या. एवढं एक पत्र घे.

ड्रू


लिटल कोम, डॉर्सेट
१९ फेब्रुवारी १८१७

कॅप्टन नथॅनिएल हॉब्डे, आरमार, पोर्ट्समथ, यांस

महाशय,

आपण मला ओळखत नाही. मी लेफ्टनंट पेनफोल्ड यांची विधवा. माझी मोठी भाची आपल्या क्लेमन्सीच्या काकाला दिली होती. आपलं जहाज शुक्रवारी बंदराला लागल्याचं पाद्रीबाबांच्या वर्तमानपत्रात वाचलं, म्हणून लिहिते. मला गोड लिहिता येत नाही, तेव्हा सरळ लिहिते.

माझी धाकटी भाची ड्रुसिला दीड महिन्यापासून त्या घरात आहे. तिथून तिची तीन पत्रं फुकट आली. तिन्हींत ती मजेत आहे, हवा उत्तम आहे आणि मिस्टर थॉर्नकोट माझ्या बदकाची आठवण काढतात. मीही त्यांना बदकाची हकीकत कळवत राहिले. आयुष्यात इतकं खोटं मी कधी लिहिलं नव्हतं.

आज चौथं आलं. बिनसहीचं. पोस्टमनला माझा स्वभाव माहीत, तो पत्र परत पिशवीत टाकायलाच लागला होता. मी त्याचं मनगट धरलं. तो बिचारा म्हणाला, “मिसेस पेनफोल्ड, शिलिंग आहे हं.” मी म्हटलं, “माहीत आहे. दे इकडे.”

आत एवढंच आहे, जसंच्या तसं उतरवते: “मुलगी जिवंत आहे. जमेल तेव्हा दूध ओतते, पण त्याला संशय आलाय. हेस्टर यॉर्कच्या वाटेवर स्टोनक्रॉफ्ट नावाच्या घरात आहे. गाडीवानाने सांगितलं, त्यानेच पोचवलं. बाटलीचं बूच सोबत आहे, वास घेऊन बघ. काल मिसेस गॅड आली होती. हेस्टरचा काळा झगा उसवून माझ्या मापाचा करताहेत. लवकर.”

बूच माझ्याजवळ आहे. माझे यजमान अखेरच्या दुखण्यात तेच थेंब घेत होते, त्यामुळे तो वास मला कोणी सांगायला नको. एका कोवळ्या पोरीच्या दुधाला तो येत होता, आणि मी इथे बसून जावयाच्या सहीचं कौतुक करत होते.

हे पत्र आपल्या हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या दारात असेन. हेस्टरचं पत्र आणि बूच घेऊन येत आहे. आपण घोडे तयार ठेवावेत, आणि बरोबर घ्यायला दोन दांडगी माणसं. भाड्यासाठी मी बिशप विकला. त्याबद्दल कोणी मला विचारू नये.

आजवर मी एकाही पत्राचे पैसे दिले नव्हते, कॅप्टन. आज पहिल्यांदा दिले. खरं म्हणजे ही दुसरी खेप असायला हवी होती. नोव्हेंबरात याच दारात मुलीने पत्र परत केलं तेव्हा मी मागे उभी राहून तिला शाबास म्हटलं.

या पत्राचं टपाल मी इथेच भरलं आहे. आपल्याकडे कोणी पैसे मागणार नाही, तेव्हा परत करू नये.

आपली,
कॉर्डेलिया पेनफोल्ड